गावडेबाईंचा जिन्यावरचा वर्ग

गावडेबाईंना आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी बसलेलं पाहिलं नव्हतं. त्या तळमजल्यावर एकट्या राहत. घरात दोन खुर्च्या होत्या, पण त्या पाहुण्यांसाठी, आणि पाहुण्यांनीही फार वेळ बसू नये अशी बाईंची इच्छा असे. चहा त्या उभ्यानं पीत, पेपर उभ्यानं वाचत. टीव्हीवरची मालिकाही दाराच्या चौकटीला हात लावून उभ्या उभ्याच बघत आणि मालिकेतल्या एकाही सुनेला पाठीचा कणा नाही असं म्हणत. बाई हे शरीरशास्त्राच्या दृष्टीनं म्हणत.

भांडुपच्या एका म्युनिसिपल शाळेत त्यांनी जन्मभर पी.टी. शिकवली. मग शाळेनं त्यांना रिटायर केलं. त्यांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. पाचवारी साडी, पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात काळ्या दोरीला शिट्टी, अशा वेषात त्या पहाटेपासून मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगची पाहणी करत. लग्न केलं नव्हतं. दूधवाला, पेपरवाला, वॉचमन, सगळे त्यांच्या दारावरून जाताना आपोआप ताठ होत. वॉचमनची जुनी कंबरदुखी त्यामुळे गेली असं तो सांगतो. घाबरल्यामुळे गेली असेल.

आमचे सेक्रेटरी पेडणेकर हे त्यांचे शाळेतले विद्यार्थी. पन्नाशीचा, टक्कल पडलेला, बँकेत साहेब असलेला माणूस, पण बाई बोलायला लागल्या की उभा राहतो. एकदा जनरल बॉडीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीवर गंभीर चर्चा चालली होती. मागून बाईंचा आवाज आला, "पेडणेकर, पोट आत." टाकीचा ठराव पेडणेकरांनी पोट आत घेऊन वाचला आणि तो एकमतानं मंजूर झाला.

संध्याकाळी कंपाउंडमध्ये बाईंचा वर्ग भरे. बिल्डिंगमधली सगळी मुलं त्यात असत. माझी ईराही होती. तिला मी घातलं नव्हतं. बाईंनी जिन्यात तिचे खांदे बघितले आणि म्हणाल्या, "उद्यापासून खाली." वर्गाला फी नव्हती आणि सुट्टीही नव्हती. नियम मात्र होते. त्यातला मुख्य असा की दुसऱ्याची वस्तू मोडली, तर त्याच्यासमोर जाऊन 'मी मोडली' असं सांगायचं आणि कान धरून उठाबशा काढायच्या. ज्याची वस्तू मोडली तो 'बस' म्हणेपर्यंत काढायच्या. बस म्हटलं की विषय संपला, पुन्हा काढायचा नाही. एका आईनं याविरुद्ध तक्रार केली, की आजकाल शाळांत अशा शिक्षा देत नाहीत.

"शिक्षा कसली?" बाई म्हणाल्या. "गुडघ्यांना बरं असतं."

हा नियम सर्वांना लागू होता. पेडणेकरांनी गाडी मागे घेताना एका मुलाची बॅट चाकाखाली घातली, तेव्हा सेक्रेटरींनी ऑफिसच्या कपड्यांत, टाय मागे टाकून, कान धरून उठाबशा काढल्या. मुलगा दयाळू होता, लवकर बस म्हणाला.

पण बाईंचं खरं वेड म्हणजे विश्राम. शाळेत आपण सगळेच सावधान-विश्राम करून आलो. विश्राम म्हणजे डावा पाय बाजूला, हात मागे, एवढंच आपण समजतो. बाईंना ते मान्य नव्हतं.

"सावधान काय, कुत्रासुद्धा करतो. विश्राम शिकवावं लागतं. ते पायात नसतं गं, खांद्यात असतं."

विश्राम म्हटल्यावर त्या रांगेतून फिरत आणि प्रत्येकाच्या खांद्यावर एक बोट ठेवत. खांदा खाली गेला तर पास. नाही गेला तर, "परत. कुणाची वाट बघतोयस? कोण येणार नाय." मलाही त्यांनी एकदा तपासलं. मी नापास झाले. तेव्हापासून मला लोकांचे खांदे बघायची सवय लागली आहे, आणि मुंबईत ती सवय फारशी आनंदाची नाही.

गणपती होऊन गेल्यावर तिसऱ्या मजल्यावरचा रिकामा फ्लॅट भाड्यानं द्यायचा विषय कमिटीपुढे आला. जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात परदेशातून पेशंट येतात, महिनोन् महिने राहतात. हे कुटुंब येमेनचं होतं. नवरा, बायको आणि मुलगी. पोलिसांचे कागद व्यवस्थित होते. तरी कुणीतरी म्हणालं, की युद्धातून आलेले लोक आहेत, आपल्या इथे लहान मुलं असतात, विचार करायला हवा.

"त्यांचं मूल केवढं?" बाईंनी विचारलं.

"सात वर्षांची मुलगी आहे, बाई." पेडणेकर उभे राहिले.

"मग विचार कसला करतोस? संध्याकाळी खाली पाठवायची."

पेडणेकर उभे होतेच. विषय मंजूर झाला.

नवऱ्याचं नाव नासिर. तिकडे तो शाळेत गणित शिकवायचा. त्याच्या गल्लीत तोफेचा गोळा पडला आणि पायाचं हाड जुळेना, म्हणून इथे आला होता. पायाला बाहेरून लोखंडी सळ्या लावलेल्या होत्या. तरुणपणी तो पुण्यात कॉलेजला होता, त्यामुळे हिंदी चांगली बोलायचा आणि मध्येच "काय म्हणता?" असं विचारून आम्हाला दचकवायचा. बायको अमल अबोल होती. तिला आमची भाषा येत नव्हती, आम्हाला तिची, म्हणून आम्ही खजूर आणि चकल्यांची देवाणघेवाण करत असू. मुलीचं नाव रीम. ती कुणाला दिसलीच नाही.

बाईंनी काही दिवस वाट बघितली. मुलगी खाली येईना, म्हणून त्या वर गेल्या. इंग्रजी लागलं तर असावं म्हणून मला घेऊन गेल्या.

स्वयंपाकघर आणि बाथरूम यांच्या मध्ये हातभर रुंदीचा बोळ असतो, आमच्या सगळ्याच घरांत आहे. तिथे खिडकी नाही. आम्ही तिथे गॅसचं रिकामं सिलिंडर ठेवतो. रीम तिथे बसली होती. पाठ भिंतीला, गुडघे पोटाशी, पायात बूट.

"हमारे घर में यही जगह सेफ थी," नासिर म्हणाला. "खिड़की का काँच उड़ता है ना. यहाँ आई तो पहले दिन इसने यही जगह ढूँढ़ ली."

"बूट?" बाईंनी विचारलं.

"सोती भी जूते में है. भागना पड़े तो."

मग त्यानं बाकीचं सांगितलं, शिक्षक पालकसभेत प्रगती सांगतो तशा आवाजात. आधी ती सगळी अक्षरं लिहायची, आता एकही येत नाही. आधी फार बडबड करायची, आता फक्त आईच्या कानात बोलते. अंथरूण ओलं होतं. "सात साल की थी, बाई. तीन साल की हो गई." आणि आणखी एक गोष्ट त्यानं जरा संकोचानं सांगितली. खाली बाईंची शिट्टी वाजली की रीम बाथरूमच्या फरशीवर पालथी पडते. तिकडे गोळा पडण्याआधी असाच आवाज यायचा.

 बाई रीमच्या खांद्यांकडे बघत होत्या. खांदे पार कानांशी गेले होते. जिना उतरताना पहिल्या मजल्यावर त्या थांबल्या.

"झोपेतसुद्धा सावधानात असणार पोर," म्हणाल्या. "असं कसं वाढणार?"

खाली आल्यावर त्यांनी गळ्यातली शिट्टी काढली आणि साखरेच्या डब्यात ठेवली. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होते, पण त्यांचा गळा मोकळा कधी पाहिला नव्हता. मला कसंतरीच झालं.

हॉस्पिटलात मुलांच्या मनाच्या डॉक्टर होत्या, त्यांनी रीमला तपासलं होतं. पुढच्या खेपेला बाई नासिरबरोबर गेल्या, तपासणीभर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "कार्यक्रम सांगा." डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की रोज तीच वेळ, तीच मुलं, तेच खेळ. ओढून बाहेर काढू नका. काही आवाज होणार असेल, काही बदलणार असेल, तर तिला आधी सांगा. काही अचानक नको. शरीराला पटलं की आता काही होणार नाही, तर मूल पुन्हा शिकायला लागतं. बाई हे सगळं त्याच शब्दांत आम्हाला सांगत असत, आणि शेवटी "हे माझं नाही, डॉक्टरांचं" असं जोडत.

मुलगी मैदानात येत नाही म्हणून बाईंनी मैदान वर नेलं. दुसऱ्या दिवसापासून वर्ग तिसऱ्या मजल्यावरच्या जिन्यात, नासिरच्या उघड्या दारासमोर भरू लागला. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. भाजीच्या पिशव्या घेऊन चढणाऱ्या माणसाला जिन्याच्या दर पायरीवर एक मूल हात वर करून उभं असलेलं दिसे, आणि त्याला त्या सगळ्यांमधून वाट काढावी लागे. शिट्टी नव्हती, आरडाओरडा नव्हता, बाई नुसता तळहात दाखवत. मुलं एवढी शांत राहू शकतात हे त्यांच्या आईबापांना प्रथमच कळलं आणि थोडं वाईटही वाटलं.

पेडणेकरांनी जिना अडवण्याच्या नियमाबद्दल काही बोलायला तोंड उघडलं.

"रांगेत ये," बाई म्हणाल्या.

ते रांगेत उभे राहिले. त्या दिवशी तेही विश्रामात नापास झाले.

बरेच दिवस रीम बोळातून नुसती बघत होती. मग दारापर्यंत आली. मग उंबऱ्यात उभी राहिली. ती उंबऱ्याबाहेर आल्यावर बाईंनी वर्ग एक जिना खाली घेतला. ती त्या जिन्यावर रुळली की आणखी खाली. प्रत्येक वेळी बाई आदल्या दिवशी नासिरला सांगत आणि नासिर रीमला सांगे, उद्या एवढ्या पायऱ्या. एखाद्या दिवशी शेजारच्या पाडकामावर काही कोसळलं की ती वर पळे आणि दुसऱ्या दिवशी वर्ग पुन्हा तिसऱ्या मजल्यावर भरे. बाई एका अक्षरानं कुरकुरल्या नाहीत. त्यांच्या गुडघ्यांचं काय होत होतं ते त्यांनाच ठाऊक.

कोजागिरी झाल्यावर रीम कंपाउंडमध्ये उतरली. बूट घालूनच, ईराच्या फ्रॉकचं टोक धरून. तिला मराठीत आकडे यायला लागले होते, सावधान-विश्राम यायला लागलं होतं, पण सगळं कुजबुजत. बाईंनी तिच्या खांद्यावर बोट ठेवलं. खांदा किंचित खाली गेला आणि परत वर आला.

"चालेल," बाई म्हणाल्या. बाईंच्या तोंडी हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

आणि तोंडावर दिवाळी आली.

बाईंनी बिल्डिंगमध्ये फटाके बंद केले. वाचायला हे सोपं वाटतं. ज्याला मुंबईच्या सोसायटीत एखादी कुंडी हलवायची वेळ आली असेल, त्याला यातलं धाडस कळेल. मोठ्यांचं त्यांनी फार ऐकून घेतलं नाही. शेजारच्या दोन बिल्डिंगांच्या गेटवर जाऊन उभ्या राहिल्या, तिथेही त्यांचे जुने विद्यार्थी निघाले. दूरचे आवाज येणारच होते. त्यासाठी नासिर रीमला गच्चीवर नेऊन रोज दाखवत असे, तो बघ आवाज, ती बघ त्याच्याबरोबरची फुलं, खाली काही पडत नाही.

पण मुलांशी बाईंना तह करावा लागला. मुलांचं नेतृत्व ईराकडे होतं आणि ती हट्टी आहे, हे मी आई म्हणून सांगते.

"फटाके नाही उडवणार बाई, प्रॉमिस. पण किल्ल्याचा बॉम्ब पाहिजे."

आमच्याकडे दिवाळीत मुलं मातीचा किल्ला करतात. डोंगराच्या पायथ्याची लाल माती आणायची, दगड-विटा रचून वर चिखल थापायचा, मोहरी पेरायची आणि मग महाराज, मावळे, वाघ अशी मातीची चित्रं मांडायची. भाऊबीज झाली की चित्रं काढून घ्यायची आणि बुडाशी सुतळी बॉम्ब लावून किल्ला उडवायचा. ज्यांनी तो इतक्या प्रेमानं बांधला तीच मुलं उडवतात आणि टाळ्या वाजवतात. याचं कारण मला कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं. दरवर्षी तो बॉम्ब बाई स्वतः लावत, लांब उदबत्तीनं, मुलांना मागे रांगेत उभं करून.

बाईंनी विचार केला. "एकच. आणि मी सांगेन तेव्हा."

किल्ला पेडणेकरांच्या पार्किंगच्या जागेत उभा राहिला. रीम चिखलात हात घालायला लागली. पहिल्यांदा तिनं बूट काढले, ते चिखल लागू नये म्हणून. अमल वर खिडकीत उभी राहून ते बघत होती आणि पदरासारखा रुमाल डोळ्यांना लावत होती. रीमनं बुरूज केला नाही, तोफ मांडली नाही. ती किल्ल्याच्या पोटात खणत बसली. तिथे तिनं एक खोली केली. बाटलीच्या झाकणात पाणी ठेवलं, काडेपेटीची खाट केली. मुलांनी तक्रार केली, की किल्ल्याला असलं काही नसतं.

"असतं," बाई म्हणाल्या. "तळघर म्हणतात. तिला करू दे."

काम झाल्यावर रीमनं खोलीचं तोंड चिखलानं लिंपून टाकलं. आत काय ठेवलं ते कुणाला माहीत नव्हतं. कुणी विचारलंही नाही. दिवाळीभर ती रोज सकाळी खाली येऊन त्या जागेला कान लावायची आणि समाधानानं परत जायची. अंथरूण कोरडं राहत होतं. नासिरनं हे आम्हाला जिन्यात थांबवून सांगितलं, आणि बाई म्हणाल्या, "बरं झालं," आणि लगेच वळून घरात गेल्या, कारण त्यांना रडताना कुणी बघितलेलं चालत नसे.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी नासिरची हॉस्पिटलात तपासणी होती. तिघंही जाणार होते. बाईंनी तीच वेळ धरली. मुलगी घरात नाही, आवाज तिच्या कानावर पडणार नाही, ती येईपर्यंत माती गोळा करून होईल. मुलांना दिलेला शब्दही पाळला जाईल. आम्हा सगळ्यांना ही योजना फार हुशारीची वाटली.

ईरानं चित्रं काळजीपूर्वक उचलून खोक्यात ठेवली. बाईंनी तळहात वर केला, उदबत्ती लावली आणि धडाम्. टाळ्या झाल्या. धूर खाली बसतो न बसतो तोच गेटात रिक्षा थांबली. तपासणी पुढे ढकलली होती.

रीम रिक्षातून उतरली आणि पेडणेकरांच्या पार्किंगकडे बघत उभी राहिली. ती ओरडली नाही. पळाली नाही. ती चालत ढिगाऱ्याकडे गेली, गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी खणायला लागली. माती बाजूला टाकायची, थांबायची, कान लावायची, पुन्हा खणायची. विटांच्या कपच्या वेगळ्या ठेवायची. सात वर्षांच्या मुलीला हे काम कसं करतात ते नीट माहीत होतं.

ईरानं खोकं पुढे केलं. "बघ रीम, सगळे वाचले. मी आधीच काढले." रीमनं खोक्यात बघितलं, मान हलवली आणि खणत राहिली.

"तिच्या तळघरात कोण होतं?" बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज त्यांचा वाटत नव्हता.

नासिर कुबड्यांवर रेलून मुलीशी बोलला. "बोलती है, घड़ेवाली औरत." बाजारातून आणलेली एक गवळण होती, डोक्यावर मडकी घेतलेली. ती हरवली असं समजून मुलांनी शोध सोडून दिला होता. मग नासिर आमच्याकडे वळला. "आवाज़ की बात नहीं है, बाई. उस दिन भी हम लोग बाहर गए थे, ब्रेड लेने. वापस आए तो घर नहीं था. मेरी माँ अंदर थी."

 बाई साडी गुडघ्यांत खोवून खाली बसल्या. मी त्यांना बसलेलं पहिल्यांदा तेव्हा पाहिलं, त्या मातीत. त्या रीमच्या शेजारी खणायला लागल्या. मग ईरा बसली, मग सगळी मुलं, मग पेडणेकर. दिवेलागणीपर्यंत आम्ही माती उपसत होतो. गवळण मिळाली नाही. अमलनं रीमला उचलून वर नेलं. रीमचे खांदे कानांशी होते.

दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा बोळात. पायात बूट.

बाई सकाळपासून पार्किंगमध्ये होत्या. घरातली पिठाची चाळण आणून त्या सगळा ढिगारा चाळत होत्या. मी चहा नेला तर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "डॉक्टर म्हणाल्या होत्या ना गे, आधी सांगा म्हणून. मी काय केलंय? माझ्या अकलेक काय झाला होता?" मी त्यांना म्हटलं, की तुमचा हेतू चांगला होता. "हेतू कोण बघता? घर कोणी पाडला ता सांग." बाई मालवणीवर आल्या की समजूत घालण्यात अर्थ नसे. मी चाळण धरू लागले.

उन्हं वर येता येता गवळण सापडली. मडकी फुटली होती, एक हात नव्हता. बाकी बाई धड होती.

गावडेबाईंनी हातपाय धुतले, साडी बदलली आणि तिसऱ्या मजल्यावर गेल्या. मी आणि ईरा मागे. बोळासमोर उभं राहून त्यांनी गवळण जमिनीवर ठेवली, आणि दोन्ही हातांनी कान धरले.

"नासिर, तिला सांग. किल्ला मी पाडला. तिला न विचारता. बॉम्ब मी लावला. दुसऱ्या कुणी नाही."

नासिरनं कुबड्या सावरल्या. मग म्हणाला, "बाई, वहाँ आज तक किसी ने आके नहीं बोला कि मैंने किया."

"म्हणूनच सांग."

त्यानं सांगितलं. रीम बघत राहिली. बाईंनी उठाबशा काढायला सुरुवात केली. त्यांचे गुडघे वाजत होते, ते आम्हाला ऐकू येत होतं. ईरा माझा हात घट्ट धरून उभी होती. बाई खाली जात, चौकटीला न धरता वर येत, परत खाली जात. नासिर म्हणाला, "बाई, बस कीजिए." बाई म्हणाल्या, "तू नाही. ती." मला ते बघवेना आणि तिथून हलवेना.

रीम बोळातून सरकत पुढे आली. तिनं गवळण उचलली, फुटका हात चाचपला, तिला फ्रॉकच्या खिशात ठेवलं. मग उभी राहिली आणि बाईंच्या खांद्यावर एक बोट ठेवलं.

"बस," ती म्हणाली.

बाई थांबल्या आणि भिंतीला टेकल्या. नियमाप्रमाणे विषय तिथे संपला आणि तो पुन्हा कुणी काढला नाही. संध्याकाळी वर्ग तिसऱ्या मजल्यावरच्या जिन्यात भरला. पेडणेकर न बोलावता रांगेत येऊन उभे राहिले.

थंडीत, दिवाळी कधीच उलटून गेलेली असताना, आमच्या कंपाउंडमध्ये दुसरा किल्ला झाला. त्याचं तळघर सर्वांनी मिळून बांधलं आणि त्याला दार ठेवलं, उघडता येणारं. मोहरी उगवली, वाळली, पुन्हा पेरली. तो कुणी उडवला नाही. पेडणेकरांची गाडी होळीपर्यंत रस्त्यावर उभी होती. रीम बूट दाराबाहेर काढायला लागली. तिची अक्षरं परत आली, आधी तिची, मग थोडी आमची. ईराशी भांडायला लागली, आणि भांडताना कुजबुजून चालत नाही, म्हणून आवाजही परत आला.

नासिरच्या पायाच्या सळ्या निघाल्या आणि त्यांची जायची वेळ आली. जिथून आले होते तिथेच, नासिरच्या भावाच्या घरी.

"तिकडे आता शांत आहे का?" बाईंनी विचारलं.

नासिर गणिताचा माणूस, खोटं बोलत नाही. "कभी कभी," तो म्हणाला.

बाई आता कणकवलीजवळ आपल्या गावी असतात. मे महिन्यात गेल्या. फोनवर मोजकं बोलतात आणि तिथल्या पोरांना पोक आहे अशी तक्रार करतात. पण बाई म्हटलं की मला गावी निघालेल्या बाई आठवत नाहीत. नासिरचं कुटुंब निघालं त्या सकाळच्या, गेटवरच्या बाई आठवतात.

टॅक्सी सामान भरून उभी होती. सगळी बिल्डिंग खाली आली होती. अमलनं सगळ्या बायकांना मिठ्या मारल्या. रीम ईराच्या गळ्यात पडून रडली, मोठ्यानं, भोकाड पसरून, आणि आम्हा सगळ्यांना त्या आवाजानं फार बरं वाटलं. बाई गेटपाशी बाजूला उभ्या होत्या. टाचा जुळलेल्या, हात मांड्यांना चिकटलेले, मान ताठ. गळ्यात काही नव्हतं. त्या हलल्या नाहीत.

टॅक्सी निघाली. खिडकीची काच खाली आली आणि रीमनं अर्धं अंग बाहेर काढलं. खिशातली गवळण हातात होती.

"बाई!" ती ओरडली. "विश्राम!"

शेजारच्या बिल्डिंगमधली माणसं खिडक्यांत आली, एवढा तो आवाज होता. जन्मभर ज्यांनी हुकूम दिले, घेतला एकही नाही, त्या बाईंनी तो ऐकला. डावा पाय उचलून बाजूला ठेवला. हात मागे घेतले, बोटं बोटांत अडकवली. टॅक्सी वळणावरून दिसेनाशी झाली तरी त्या तशाच उभ्या होत्या.

मी त्यांच्या खांद्यांकडे बघितलं. ते खाली आले नव्हते.